दादीची सुरमेदाणी

ईदच्या सकाळी अंघोळी उरकल्या, नवे कपडे घातले, अत्तर लावलं, की दादी पितळी सुरमेदाणी घेऊन पडवीत बसायची. आम्ही मुलं रांगेत. ती सळई ओठांत धरून ओलसर करायची, सुरम्यात बुडवायची आणि आमच्या डोळ्यांतून फिरवायची. डोळे झोंबायचे, पण दादीसमोर कुणी हलत नसे. ती सुरमेदाणी आता कट्ट्याच्या आमच्या घरात माझ्या कपाटात आहे. परवापर्यंत मीही मुलांना त्याच सळईने सुरमा घालत होते.

मागच्या वर्षी माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी मीठ, झोप, वजन सगळं विचारलं आणि सहज म्हणाले, "डोळ्यांत काय घालता?" मला हसू आलं. डोळ्यांचा आणि प्रेशरचा काय संबंध?

मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. पण शब्दांशी रोजचा संबंध आहे. सुन्नत म्हणून ज्या सुरम्याचा मान आहे त्याला अरबीत 'इस्मिद' म्हणतात. इस्मिद म्हणजे अँटिमनीचं खनिज, असं साधारण मानतात. बाजारात सुरमा म्हणून मिळणारी भुकटी मात्र पुष्कळदा गॅलेना असते, म्हणजे शिशाचं खनिज. दोन्ही काळे, दोन्ही चमकदार. नाव एकच, दगड दोन.

डोळ्यातला सुरमा अश्रूंबरोबर नाकातून घशात उतरतो, बोटांना लागून तोंडात जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि ते तिथे कित्येक वर्षं राहतं. गरोदरपणात, पाळी गेल्यावर हाडं झिजू लागली की तेच पुन्हा रक्तात येतं. मोठ्या माणसांत त्याने रक्तदाब वाढतो, किडनी कमजोर होते. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयरोगाची कारणं म्हणून गांभीर्याने घ्यायला सांगितलं. कॅडमियम विडी-सिगारेटच्या धुरातून येतं. आर्सेनिक बंगालच्या विहिरींच्या पाण्यात आहे, आणि त्याचा मधुमेहाशीही संबंध दिसलेला आहे.

आपल्या माणसांना धातूचं भान नव्हतं असं नाही. कल्हई उडालेल्या पितळी टोपात सोलं घातलेली आमटी दादी कधी करू देत नसे. आंबट पदार्थ कळकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. कल्हईवाला आला की ती समोर बसून बघायची, कथील चांगलं आहे ना, कारण स्वस्तात पडावं म्हणून त्यात शिसं मिसळतात. टोपाबद्दल इतकी सावध असलेली दादी सुरम्याच्या पुडीत काय आहे हे कधी विचारायची नाही. ती पुडी श्रद्धेची होती.

अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती रागावली. "दादीनं आयुष्यभर घातला. तिला काय झालं?"

मी गप्प राहिले. दादीला प्रेशर होतं, शेवटची दोन वर्षं ती अर्धांगवायूने पडून होती. ते सुरम्याने झालं असं मी म्हणणार नाही. प्रेशरची कारणं अनेक असतात, माझ्याही. पण "तिला काय झालं" या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असंही नाही. अम्मीलाही ते आठवलं असावं. ती उठून आत गेली.

लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. हे वाचलं त्या दिवशी मी सुरमा बंद केला. रक्तातलं शिसं तपासता येतं, पण नेहमीच्या तपासणीत ते नसतं, डॉक्टरांना मुद्दाम सांगावं लागतं. मी मुलांची तपासणी करून घेणार आहे, आणि माझीही. तुमच्या घरी सुरम्याची बिननावाची पुडी असेल तर आधी ती बाजूला ठेवा.

या ईदला अम्मीने मुलांना अत्तर लावलं. सुरमेदाणी तिने स्वतः घासून लख्ख केली आणि रिकामीच कपाटात ठेवली.