पंखाची मागची बाजू

सोमवार, ७ जुलै २०२५

काल आषाढी एकादशी. आज दवाखाना उघडायला गेलो, तर गुरुजी आधीच पायरीवर बसलेले. रुमालाच्या घडीत दात. "डॉक्टर, माझंच चुकलं. उपवासाला नातवाने राजगिऱ्याची चिक्की पुढे केली, राहवलं नाही." वरचा पुढचा दात, मार्चमध्ये मीच बसवलेला. शेजारच्या दाताच्या मागे धातूचा एक पातळ पंख, आणि सगळी भिस्त सिमेंटवर. गुरुवारी गुरुपौर्णिमा, त्यांचे जुने विद्यार्थी घरी येतात. समोर खिंडार ठेवून त्यांच्याशी बोलायचं कसं, ही त्यांची काळजी.

पंख उलटा करून भिंगाखाली धरला. स्वच्छ, चकचकीत. मग तोंडात आरसा घालून पाहिलं. सिमेंट सगळं दाताच्या मागे, पंखाच्याच आकाराचं, जसंच्या तसं. म्हणजे दाताने धरून ठेवलं होतं, सोडलं ते धातूने. चिक्कीने शेवटचा धक्का दिला असेल एवढंच.

मंगळवार, ८ जुलै

मार्चचा केसपेपर काढला. "ट्रायल, शेड ठीक, सिमेंट केलं." एका ओळीत उरकलेलं. पण मला तो दिवस आठवतो. ट्रायलमध्ये पंखाला लाळ लागली होती, बाहेर पेशंट खोळंबले होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि चिकटवला. लॅबने सँडब्लास्ट करून दिला होता, त्यावर विसंबलो.

पंख निकेल-क्रोमियमचा, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. सिमेंटमधला एमडीपी नावाचा रेणू आपल्या फॉस्फेटच्या टोकाने त्या थराला धरतो आणि दुसऱ्या टोकाने रेझिनमध्ये गुंततो. लाळेतली प्रथिनं आधीच तिथे बसली असतील तर त्याला धरायला जागा राहत नाही, आणि नुसत्या बोळ्याने ती निघतील याचा भरवसा नाही.

एमडीपी येण्याआधी लोकांनी धातूला सिमेंट अडकवण्याची खटपट केली. १९७३ मध्ये फ्रान्सच्या रोशेत यांनी धातूला भोकं पाडली, सिमेंट आरपार जाऊन अडकावं म्हणून. १९८२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात लिवाडिटिस आणि थॉम्प्सन यांनी आम्लात वीज सोडून धातू सूक्ष्म कोरला. मेरीलँड ब्रिज हे नाव तिथलं. पुढच्याच वर्षी जपानमधून पानाव्हिया हे सिमेंट आलं, एमडीपी घेऊन. खटपट अडकवण्यापासून चिकटवण्यापर्यंत आली, ती मी एका बोळ्याने वाया घालवली.

बुधवार, ९ जुलै

सकाळी एका आजींची दाढेची सोन्याची कॅप, जुनी, निघून आलेली. सोन्यावर ऑक्साइड धरत नाही, त्यामुळे एमडीपीचा तिथे फारसा उपयोग नाही. त्यासाठी गंधकयुक्त प्राइमर असतात. पण आजींची दाढ उंच, भिंती जवळजवळ सरळ. कॅप आकारानेच घट्ट बसते. साधं झिंक फॉस्फेट पुरलं.

संध्याकाळी गुरुजी. दातावरचं जुनं सिमेंट हलक्या हाताने काढलं. ट्रायल आधी आटोपली, मग पंख धुऊन ५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने पुन्हा सँडब्लास्ट केला. चकाकी जाऊन करडा, मुका झाला तेव्हा समाधान वाटलं. त्यानंतर त्याला बोट लावू दिलं नाही, स्वतःचंही नाही. रबर डॅम, इनॅमलवर आम्ल, धातूवर प्राइमर, सिमेंट. कडेला हवा लागली तर हे सिमेंट नीट घट्ट होत नाही, म्हणून वरून जेल.

उठताना त्यांना सांगितलं, "गुरुजी, चिक्कीचा दोष नाही. मार्चमध्ये मी कमी पडलो." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तपासलंत कसं, ते सांगा." निघालेला पंख कसा दिसत होता ते मी कागदावर काढून दाखवलं. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

मंगळवार, १५ जुलै

गुरुजींची कड तपासली, घट्ट आहे.

मार्चपासून असेच पंख आणखी तिघांना बसवले आहेत. दोघांचा एकेक पंख. सुटला तर दात हातात येईल, कळेल तरी. तिसऱ्या बाईंच्या ब्रिजला दोन पंख आहेत, त्यांची मला जास्त धास्ती वाटते. एक सुटला तरी दुसरा ब्रिज धरून ठेवतो, आणि सुटलेल्या पंखाखाली दात गुपचूप किडत जातो. तिघांनाही फोन केले. दोघे शनिवारी येतील. बाई मुलाकडे पुण्याला आहेत, गणपतीत येते म्हणाल्या. त्याआधी या, असा पुन्हा फोन केला आहे.