शिडाचे पोट

एलएफसी घेऊन गोव्याला निघालो, तेव्हा दहावीची परीक्षा दिलेल्या आमच्या चिरंजीवांनी गाडीतच जाहीर केले, "बाबा, मी कॉमर्सला जाणार नाही." असले ठराव आमच्या घरात मंजूर होत नसतात. दोन दिवस आम्ही एकमेकांशी "मीठ दे" एवढेच बोललो. तिसऱ्या दिवशी तो दोना पावलाला विंडसर्फिंग शिकायला निघाला आणि त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून मीही पैसे भरले.

१९८४ साली ऑलिंपिकात शिरलेला हा खेळ म्हणजे एक फळी, तिच्यावर हवी तिकडे कलणारी डोलकाठी आणि एक शीड. सुकाणू नाही, शीड पुढे-मागे कलवूनच वळायचे. शिकवणाऱ्या पोराने शीड वाळूवर पसरले. "काका, जोर येतो तो शिडाच्या पोटातून. पोट खोल असलं की मंद वाऱ्यातही ओढ मिळते. सपाट असलं की जोराच्या वाऱ्यात शीड आवरतं. पण पोट पुढं हवं."

या अटीत मी बसत होतो.

"वाऱ्याचा झोत आला की पोट मागं सरकतं, सगळा भार मागच्या हातावर येतो. म्हणून या आडव्या पट्ट्या." काही शिडांत पट्टीच्या टोकाला डोलकाठीला बिलगणारा प्लॅस्टिकचा तुकडाही असतो. त्याला म्हणतात कॅम्बर. त्याने पोट जागचे हलत नाही, पण शीड जड होते. ते नाव कंबरेवरूनच पडले असावे, कारण असले शीड पाण्यातून उचलताना तीच आठवते.

माझ्या डोळ्यांत खुपली ती निराळीच गोष्ट. शिडाची मागची कड वरच्या बाजूला चक्क ढिली होती! बावीस वर्षे जमाखर्च जुळवणाऱ्याला असली ढिलाई बघवत नाही.

"ती मुद्दाम आहे काका. खालचा दोर ताणला की वरची कड सुटते. झोत आला की ती उघडते, जास्तीचा वारा निघून जातो."

जास्तीचे निघून जाऊ द्यायचे? कुठल्या बँकेत चालेल हे? मी हट्टाने खालचा दोर सैल करायला लावला. वरची कड कशी इस्त्री केल्यासारखी ताठ झाली.

सात वेळा पडून आठव्यांदा फळीवर उभा राहिलो आणि झोत आला. त्याला वर वाट नव्हती. तो सगळाच्या सगळा माझ्या मागच्या हातात आला. तो हात सोडला असता तर भागले असते. पण हातातली वस्तू पावतीशिवाय सोडायची आम्हाला सवय नाही. शिडाने मला उचलले आणि जुवारीच्या मुखात जमा केले.

ओढून काढायला चिरंजीव आले. हसले नाहीत, याचेच वाईट वाटले. "बाबा, लागलं का?" एवढेच विचारले. तीन दिवसांतले हे पहिले वाक्य, ज्यात मीठ नव्हते. माझ्या नाकातोंडात मात्र भरपूर होते.

संध्याकाळी तो एकटाच पाण्यात गेला. आमची ही डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होती. "अहो, त्याचं शीड वर ढिलं दिसतंय. हाक मारून ताणायला सांगता का?"

"राहू दे," मी म्हटले. "तसंच असतं ते."