मैना, मोर्चा आणि मतपेटी

लोकनाट्याच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, गाण्यानं मतं फिरतात का हो?’ अशा वेळी मी अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड समोर ठेवतो.

तिची बांधणी बघण्यासारखी आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या कारभारणीसाठी झुरतोय. तिचं रूप, निरोपाची घडी, मग मुंबईतली वणवण. बराच वेळ राजकारणाचा मागमूस नाही. गिरणगावातल्या श्रोत्याला ही स्वतःचीच कहाणी वाटते; त्याचंही बिऱ्हाड घाटावर नाहीतर कोकणात राहिलेलं असतं. तो पुरता गुंतला, की शाहीर वळण घेतो : मैनेची ताटातूट तीच महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुरावल्याची. दुःख तेच राहतं, फक्त त्याला नकाशा मिळतो.

हे कसब एका रात्रीत आलेलं नाही. आधी सत्यशोधकी आणि मग आंबेडकरी जलसेकारांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा विचार ओतला होता. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केलं, गवळणीला फाटा दिला. सोंगाड्याला मात्र हात लावला नाही. पाटलाची, सावकाराची टर उडवायची मुभा त्याला परंपरेनंच दिलेली होती. प्रेक्षक हसला, की धाक निम्मा गळून पडे. मुंबई सरकारनं या कलापथकावर बंदी घातली ती उगाच नव्हे.

आता मतपेटीकडे येऊ. १९५७च्या निवडणुकीत मराठी भाषकांचं एक राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. विदर्भ-मराठवाड्यात मात्र काँग्रेस टिकली आणि त्या जोरावर मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचं सरकारही तगलं. तिथं गाण्याला जमीन वेगळी होती : विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी होती; मराठवाडा हैदराबादेतून नुकताच येऊन मिळाला होता. पश्चिम महाराष्ट्रात मात्र शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी, गिरण्यांतल्या युनियन असं जाळं आधीच विणलेलं होतं. सभेत भाषणांआधी डफ कडाडायचा. शाहिरासाठी जमलेली गर्दी पुढाऱ्याचं भाषण ऐकायची आणि मोर्चाची तारीख घेऊनच घरी जायची.

आजचं प्रचारगीत खिशातल्या फोनवर वाजतं. ऐकणारा एकटा असतो. गाणं आवडलं तर दोन ग्रुपवर टाकतो आणि आपला वाटा उचलल्याचं समाधान मानतो. झील धरायला शेजारी कुणी नाही, उद्या कुठं जमायचं हे सांगणाराही नाही. अशानं आधीचं मत पक्कं होतं, क्वचित कडवटही होतं. पण माणूस घराबाहेर पडेलच असं नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो : गाणं किती लाख लोकांनी ऐकलं याचा हिशेब नंतर करा. ते संपल्यावर माणसं कुठं गेली, ते आधी शोधा.