नोंद नसलेली दुरुस्ती

पाचोऱ्यातील एका संस्थेच्या संकेतस्थळावर शुल्काचा चुकलेला आकडा कोणी परभारे सर्व्हरवरच सुधारिला. नोंद केली नाही. पुढे त्याच फाईलीची नवी आवृत्ती ओढून घेऊ जाता 'गिट' अडून बसले. मंडळी चिडली, आम्हांस मात्र २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचिलेल्या या साधनाचा हट्ट सभ्यपणाचा वाटला. 'रिसेट हार्ड' म्हटले की वाट मोकळी होते खरी, पण सुधारलेला आकडाही जातो, आणि भुर्दंड विद्यार्थ्यांस! त्यापेक्षा 'गिट डिफ'ने फरक वाचावा, 'स्टॅश'ने तो बाजूस ठेवावा, नवी आवृत्ती घेऊन 'स्टॅश पॉप'ने परत आणावा. एकच ओळ दोन्हीकडे बदलली असल्यास निवड माणसानेच करावयाची. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तीही असे अपपाठ पारखूनच. आकडा आता मूळ भांडारात रीतसर नोंदला गेला आहे. तो प्रथम कोणी सुधारिला, हे मात्र अद्याप कळलेले नाही.