खानदेशातली शाळा, शिक्षक आणि नाच

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत नृत्यशिक्षक नावाचे पद नाही. अभ्यासक्रमात मात्र नृत्य आहे. कलाशिक्षण या विषयात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य आणि नाट्य असे सगळे येते, आणि लहान वर्गांसाठी बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तकही त्याच अंगाने रचलेले आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली, ती सहावी ते आठवीपुरती. तीही पट शंभरावर असेल तर. म्हणजे खानदेशातल्या धरणगाव तालुक्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मुले नाचणार की नाही, हे वर्गावरच्या बाई किंवा गुरुजींच्या हौसेवर ठरते. हौस नसेल तर ती तासिका बिनबोभाट गणिताला जाते.

खानदेशात ही हौस शिकवणीच्या वर्गातून क्वचितच येते. ती सणांतून येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला निरोप देताना डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायांपुढे अख्खी गल्ली नाचते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराई, झोके, फुगड्या आणि अहिराणी गाणी यांत दिवस जातो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची गुलाबाई चालते. यांतली आखाजी शाळेत शिरली नाही, कारण ती उन्हाळी सुटीच्या तोंडावर किंवा सुटीतच पडते. गुलाबाईचा महिना शाळा भरात असतानाचा, त्यामुळे नाचाची आवड असलेल्या बाईंना तीच सोयीची ठरली. विदर्भाप्रमाणे जळगावकडेही तिला भुलाबाई म्हणतात आणि त्या नावाने जळगावात महोत्सवही भरतो.

गुलाबाईच्या गाण्यांत नाच शिकवायला लागणारे सगळे आयतेच मिळते. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. चाल ठरलेली, ठेका सरळ चार मात्रांचा. टिपऱ्यांसाठी मुलींची दोन रिंगणे करतात, आतले बाहेर तोंड करून आणि बाहेरचे आत. पहिल्या मात्रेला आपल्याच दोन टिपऱ्या, दुसरीला समोरचीची उजवी, तिसरीला डावी, चौथीला पुन्हा आपल्या आणि बाहेरच्या रिंगणाने एक घर पुढे सरकायचे. गोम आहे ती या चौथ्या मात्रेत. टिपरी वाजवायची आणि त्याच वेळी पाय उचलायचा, हे तिसरी-चौथीतल्या मुलांना लगेच जमत नाही. एकजण अडली की मागच्या तिघीचौघी एकमेकींवर येतात. जाणत्या बाई म्हणून टिपऱ्या आधी हातातच देत नाहीत. दोन दिवस नुसत्या टाळ्या आणि चालणे, गाणे अंगात मुरले की मग टिपरी. या रचनेचा आणखी एक गुण असा की दर चार मात्रांनी जोडीदार बदलतो. सरपंचाच्या नातीला आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरातल्या मुलीला एकमेकींच्या टिपरीवर टिपरी द्यावीच लागते, त्यासाठी वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

मुलग्यांना नाचात आणण्याचा रस्ता लेझमीचा. तालमीतली लेझीम धनुष्यासारखी, जड लोखंडी साखळीची, ताकद कमावण्यासाठी होती. शाळेतली लेझीम हलकी, चकत्यांची आणि तालासाठी आहे. कवायतीच्या तासाला ती बसत असल्याने ‘पोरे नाचायला लावली’ अशी तक्रार कोणी घेऊन येत नाही. चार आवाज, मग पवित्रा, मग बसून-उठून, असा क्रम ढोलाच्या ठेक्यावर बसवतात. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्रातल्या मुलांची लेझीम झाली. आज गावोगाव १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ती दिसते.

धरणगावला घरचा म्हणता येईल असा तिसरा स्रोतही आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९०चा, याच गावातला. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून ते गेले. त्यांची ‘श्रावणमास’ आणि ‘फुलराणी’ शाळांनी अभिनयगीते म्हणून किती वेळा बसवली याला गणती नाही. मात्र अभिनयगीत आणि नाच एक नव्हे. शब्दाला शब्द हाताने दाखवत गेले की कवितेची लय मरते; फूल म्हटले की पाकळी, पाऊस म्हटला की बोटे, असा कंटाळवाणा प्रकार होतो. बालकवींच्या ओळींत चालण्याची गती आधीच आहे. पावले त्या गतीवर ठेवून हात मोकळे सोडणारी बाई ही कविता अधिक चांगली शिकवते.

शिक्षक आणि सादरीकरणाची कला यांचे खानदेशातले सर्वांत मोठे नाते साने गुरुजींकडे जाते. धरणगावाप्रमाणेच सुरत–भुसावळ लोहमार्गावर असलेल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. गुरुजी नाचणारे नव्हते. त्यांची साधने गोष्ट आणि गाणे. पण १९४१मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे ते दैवत होते, आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी जो दौरा केला त्यात सेवादलाचे कलापथक त्यांच्याबरोबर होते. १९४७च्या मे महिन्यातल्या त्यांच्या उपोषणानंतर मंदिर उघडले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि कला शिकाव्यात हा त्यांचा आंतरभारतीचा विचार पुढे कलापथकाच्या ‘भारत दर्शन’सारख्या नृत्यमय कार्यक्रमांत उतरला. वसंत बापटांची लेखणी आणि सुधा वर्दे यांचे नृत्य यांनी ते कार्यक्रम उभे राहिले. मूळच्या शिरपूरकडच्या घरातली अभिनेत्री स्मिता पाटील शाळकरी वयात याच कलापथकात होती. स्नेहसंमेलनात एकामागून एक प्रांताचे नाच बसवण्याची शाळांची जुनी रीत या कार्यक्रमांना बरेच देणे लागते.

चोपडा, यावल, शिरपूर आणि नंदुरबारकडच्या धडगाव, अक्कलकुव्यातल्या आश्रमशाळांत प्रकरण उलटे असते. तिथे नाच मुलांना येतो, शिक्षकाला येत नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात मोठ्या ढोलावर साखळी धरून नाचणारा पावरा आदिवासी मुलगा लहानपणापासून त्या रांगेत वाढलेला असतो. त्याला स्टेजवर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा केला, ढोल काढून रेकॉर्ड लावली, की नाच मोडतो. कारण तो गोलात आणि ढोलक्याच्या इशाऱ्यावर चालणारा नाच आहे. चांगला शिक्षक अशा वेळी ढोलक्याला गावातून बोलावतो आणि स्वतः बाजूला बसतो.

स्नेहसंमेलनात आता चित्रपटगीते, भाड्याचे कपडे आणि मोबाइलवर पाहून उचललेल्या हालचाली हेच जास्त. त्यात नाक मुरडण्यासारखे फार नाही; पालकांना हौस असते आणि मुलांनाही. अडचण वेगाची आहे. ध्वनिमुद्रित गाणे मुलासाठी थांबत नाही, त्यामुळे मागे पडणारी मुले शेवटच्या रांगेत जातात, आणि पुढच्या वर्षी नाचातूनच गळतात. ढोलकीवर किंवा ताटावर ठेका धरणारी बाई मात्र चौथ्या मात्रेला हात जरा लांबवते, पाय जमिनीवर आला की पुढची थाप देते.