पदराची पाठ

येवल्याच्या नानांनी मला पहिल्यांदा पैठणी दाखवली ती उलटी करून. मी फोटो काढायला गेलो होतो. त्यांच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. त्या दुकानाची वेबसाइट करायची होती आणि मला पदरावरचा मोर हवा होता. नानांनी पदर गादीवर पसरला, मग दोन्ही हातांनी उचलून पालथा घातला. "आधी ही बाजू बघा, भाऊ. मोर काय, कुणीबी दाखवतंय."

पाठीवरही तोच मोर होता, तितकाच रेखीव. हातमागावर पदरातला एकेक रंग वेगळ्या कांडीनं, नक्षीपुरताच भरतात. शेजारच्या रंगाला अडकवून धागा तिथूनच परत फिरतो, म्हणून मागे काही लोंबत नाही. यंत्रावर विणताना रंगाचा धागा नक्षीच्या मागून मोकळाच पुढे धावतो, मग तो कापावा लागतो, आणि पाठ बोटांना खरखरीत लागते. हे सगळं मला नानांनी दहा मिनिटांत सांगितलं. माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते बोलत होते साडीबद्दल.

मी मनमाडचा. लहान धंद्यांच्या वेबसाइट बनवतो आणि त्यांच्यासाठी लिहितो. गेली बारा-तेरा वर्षं हेच करतोय. येवल्याचे विणकर, लासलगावचे कांदावाले, शिर्डीला जाणाऱ्यांना गाडी देणारे, असे माझे लोक. यांतल्या बहुतेकांचं गिऱ्हाईक गावाबाहेरचं असतं आणि त्यानं दुकानाचा उंबरा कधी पाहिलेला नसतो. त्याच्या हातात असतो एक फोन.

तो फोन म्हणजे आमच्या कामाची पाठ. वेबसाइट करून घेणारा माणूस माझ्या टेबलाशी बसून मोठ्या पडद्यावर काम बघतो, खूश होतो, पैसे देतो. त्याचं गिऱ्हाईक मात्र तीच वेबसाइट हातभर अंतरावरून, अंगठ्यानं सरकवत, उन्हात बघतं. त्या बाजूला अक्षरं मुंगीएवढी झालेली असतात, फोटो अर्धाच उतरलेला असतो, फोन नंबरावर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. समोरून रेशीम, मागून कापलेले धागे.

म्हणून माझं नवं काम मी आधी मनमाड जंक्शनच्या फलाटावर तपासतो. खिशात एक जुना, स्वस्तातला फोन असतो, तो त्यासाठीच ठेवलाय. इथून गाड्या मुंबईकडे जातात, भुसावळकडे जातात, अंकाईवरून फाटा फुटून एक लाइन दौंडला आणि एक संभाजीनगर-नांदेडकडे जाते. मोठी गाडी येऊन उभी राहिली की शेकडो फोन एकदम त्याच टॉवरला लटकतात आणि नेट रांगायला लागतं. तेवढ्या वेळात माझं पान उघडलं तर ते कुठेही उघडेल. गुगलच्या हिशोबात पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांत दिसायला हवा. फलाटावर अडीच सेकंद किती मोठे असतात ते गाडी सुटताना पळणाऱ्याला विचारावं.

फोनवर नीट दिसणारी वेबसाइट म्हणजे नेमकं काय, हे लोकांना समजावताना मी २०१० सालचा एक लेख सांगतो. ईथन मार्कॉट नावाच्या डिझायनरनं त्या वर्षी मे महिन्यात 'अ लिस्ट अपार्ट' या वेब मासिकात मांडलं की प्रत्येक पडद्यासाठी वेगळी वेबसाइट करू नका. एकच करा आणि तिला पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळू द्या. रकाने टक्क्यांत मोजा, फोटोंना लवचिक ठेवा, आणि अमुक रुंदीच्या खाली मांडणी बदल असा नियम लिहून ठेवा. आज हे पाणी पिण्याइतकं साधं वाटतं. त्या काळात मोठ्या कंपन्याही फोनसाठी वेगळी, लंगडी वेबसाइट ठेवत. २१ एप्रिल २०१५ ला गुगलनं फोनवरच्या शोधात, फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना वर आणायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि आमच्या भागातल्या विणकराच्या घरीही स्वस्त डेटा पोचला. २०१८ पासून तर गुगल पानाची फोनवरची बाजूच आधी वाचू लागलं. यंत्रानंही पदर पालथा करून बघायला सुरुवात केली म्हणायची.

पण इंग्रजी पानाला पुरतं ते मराठी पानाला पुरत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, हातानंच शिकावं लागलं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार असतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. मथळ्यात 'र्की' आलं की रफार छाटला जातो. मी अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर सोडतो आणि मगच शांत होतो. फॉन्टचंही तसंच. देवनागरीला जोडाक्षरांची वेगळी चित्रं लागतात, त्यामुळे फाइल जड होते. चार-चार जाडीचे फॉन्ट लावण्याची चैन फोनवर परवडत नाही. दोन पुरतात. आणि जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कुणी आणून दिला तर तो आधी युनिकोडमध्ये करून घ्यावाच लागतो, नाहीतर गिऱ्हाइकाला नुसत्या खुणा दिसतात. काही जण यावर उपाय म्हणून मजकुराचंच चित्र करून चिकटवतात. ते चित्र फोनवर आक्रसतं, त्यातला शब्द शोधून सापडत नाही, आणि डोळ्यांनी अधू माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. मी हे कुणालाही करू देत नाही.

काटकसर माझ्यात गावानं रुजवली असावी. मनमाडला वर्षानुवर्षं नळाला पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा आलेलं आहे. आमच्या घरी भांडं घासताना कुठलं पाणी कुठल्या कामाला, हे ठरलेलं असे. फोनच्या कॅमेऱ्यातला चार-पाच एमबीचा फोटो कुणी तसाच वेबसाइटवर टाकला की मला नळ उघडा राहिल्यासारखं होतं. तो पैसा आपला जात नाही, बघणाऱ्याच्या डेटामधून जातो. नानांच्या साड्यांचे फोटो मी शंभर-सव्वाशे केबीत बसवले, पण प्रत्येक धूपछाव साडीचे दोन ठेवले. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलली की रंग बदलतो. एकाच फोटोवरून मागवणारीला घरी आलेली साडी वेगळीच वाटते. इथे कंजुषी केली असती तर साड्या परत आल्या असत्या.

आता लिहिण्याबद्दल. वेबसाइट कितीही चांगली केली तरी ती गल्लीच्या आतलं दुकान असते, कुणीतरी वाट दाखवावी लागते. दुसऱ्याच्या ब्लॉगवर, दुसऱ्याच्या वाचकांसाठी लेख लिहायचा आणि त्यात आपल्या पानाची लिंक द्यायची, याला आमच्या धंद्यात गेस्ट पोस्ट म्हणतात. मी पाहुणा लेख म्हणतो, कारण पाहुणा म्हटलं की कसं वागायचं ते आपोआप कळतं.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. २०१३ मध्ये मी एका गिऱ्हाइकासाठी असे तीसेक लेख लिहिले. पाचशे शब्दांचे, एकाच मजकुराला खाली-वर करून, मिळेल त्या वेबसाइटवर. त्यांतला एकही लेख मी आज कुणाला दाखवणार नाही. कुणाला काही सांगायचं म्हणून ते लिहिलेच नव्हते, लिंक अडकवायला खुंटी हवी होती इतकंच. २० जानेवारी २०१४ ला गुगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर लिहिलं की शोधात वर येण्यासाठी केलेलं गेस्ट ब्लॉगिंग आता सडलं आहे, ते थांबवा. नव्या वाचकापर्यंत पोचण्यासाठी, आपली ओळख व्हावी म्हणून लिहिणं वेगळं, हेही त्यांनी मागाहून जोडलं. त्या वर्षी माझ्या गिऱ्हाइकाची वेबसाइट शोधात खाली गेली. त्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवून पैसे दिले होते. मी त्याच्याकडे जाऊन काय झालं ते सांगितलं आणि पुढचं काम पैसे न घेता करून दिलं. त्याचं नुकसान मात्र भरून आलं नाही.

मला तेव्हा आठवायला हवं होतं ते किर्लोस्करवाडीचं मासिक. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला होता. त्याच कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवात कारखान्याच्या बातम्यांनी झाली, पण ते तिथेच थांबलं नाही. कथा, विज्ञान, समाजसुधारणा असं सगळं त्यात आलं, पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. ज्या घरात नांगराची गरज नव्हती त्या घरातही ते वाचलं गेलं. वाचणाऱ्याला आधी काहीतरी देणं काय असतं, हे मराठीत शंभर वर्षांपूर्वी करून झालेलं आहे.

नानांसाठी मी वर्षभरात तीनच लेख लिहिले. त्यांतला एक परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या ब्लॉगसाठी होता. लिहिण्याआधी तिथले जुने लेख बसून वाचले. लग्नाच्या मोसमात तिथल्या बायका एकमेकींना विचारत होत्या की ऑनलाइन घेतलेली पैठणी हातमागाची आहे हे ओळखायचं कसं. ज्याचं उत्तर मला नानांनी दहा मिनिटांत दिलं होतं, तोच प्रश्न. मी लेख त्यावरच लिहिला: दुकानदाराकडे पदराच्या पाठीचा फोटो मागा, तो देत नसेल तर थांबा. नारळी काठ कसा दिसतो, मुनिया म्हणजे पोपट, बांगडी-मोराच्या पदराला दिवस का जास्त लागतात, हे लिहिलं. नानांचं नाव लेखात एकदाच, शेवटी. लिहून झाल्यावर ती शेवटची ओळ बोटानं झाकली आणि पुन्हा वाचला. नानांकडून साडी न घेणाऱ्या बाईलाही तो उपयोगी पडत होता. तेव्हाच पाठवला.

लिंक मी दुकानाच्या पहिल्या पानाला दिली नाही. त्या लेखातून येणाऱ्यांसाठी वेगळं पान केलं. वर पदराची पुढची बाजू, लगेच खाली पाठ, मग नानांच्या सूनबाईंचा व्हॉट्सअॅप नंबर, अंगठा सहज पडेल एवढ्या बटणावर. फॉर्म ठेवला नाही. फोनवर कुणी फॉर्म भरत बसत नाही. लेख न्यू जर्सीत वाचा की नांदेडच्या गाडीत, पान तेच आणि तसंच उघडायला हवं होतं. मी ते फलाटावर चार वेळा तपासलं.

पहिला मेसेज आठवड्यानं आला, रात्री उशिरा. कुणीतरी दुसऱ्याच दुकानातून घेतलेल्या साडीच्या पाठीचा फोटो पाठवून विचारत होतं की ही खरी आहे का. वहिनींनी, म्हणजे सूनबाईंनी, मला फोन केला, "भाऊ, ही आपली साडी नाही. काय सांगू?" मी म्हटलं, नानांना दाखवा. नानांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, फोटो मोठा करून बघितला, आणि धागे कुठे कापलेत ते वहिनींकडून लिहून घेतलं. त्या बाईनं पुढच्या श्रावणात मुलीसाठी साडी नानांकडूनच मागवली.

परवा नवीन पान दाखवायला गेलो तेव्हा नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. आता ते मला भाऊ म्हणत नाहीत, नुसतं नावानं बोलवतात. अंगठ्यानं हळूहळू वरून खाली गेले. मोरापाशी थांबले नाहीत.

"पाठ कुठंय रे?"

"खाली आहे, नाना. अजून थोडं सरकवा."

त्यांनी सरकवलं, फोटो बघितला आणि फोन परत दिला. "वर घे," म्हणाले, "आधी ती दिसू दे."

मी बदल तिथेच बसून केला, मागाच्या शेजारी.