आफ्रिकेला निघताना गोठा विसरू नका

आफ्रिकेचे रान पाहण्याचा योग आला, तर बेत आधीच नीट आखा. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे. मधले कुंपण १९९३ साली काढल्याने सिंह, हत्ती, रानम्हशी दोन्हीकडे मोकळेपणी फिरतात.

मे ते सप्टेंबर तिकडे कोरडा हंगाम. गवत वाळते, जनावरे पाणवठ्यावर येतात. पेरणीआधीचा मे आपल्याला सोयीचा. पहाटे उघड्या गाडीत गारठा लागतो. स्वेटर, कानटोपी घ्या. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा.

आता गोठ्याचे. तेथील रानम्हशींच्या अंगात लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात. त्या स्वतः मात्र धडधाकट दिसतात. हे विषाणू 'सॅट' प्रकारचे. आपल्याकडे टोचतात ती लस ओ, ए आणि एशिया-१ या प्रकारांवरची. 'सॅट'पुढे ती चालत नाही. तेव्हा तिकडचे वाळवलेले मांस, कातडे आणू नका. बूट घासून, धुऊन, वाळवून मगच पिशवीत भरा. परतल्यावर आठवडाभर गोठ्यात पाऊल टाकू नका. तोवर धार कोण काढील, वैरण कोण टाकील, हे तिकीट काढतानाच घरात ठरवा.